मक्यासाठी पानांच्या रंगाचा तक्ता : हप्ता कधी द्यायचा ते सांगतो, एकूण किती द्यायचा ते नाही

वीतभर लांबीची प्लास्टिकची पट्टी. तिच्यावर पोपटी पिवळ्यापासून गर्द हिरव्यापर्यंत चढत जाणाऱ्या चार किंवा सहा छटा, आणि प्रत्येक छटेवर पानाच्या शिरांसारख्या बारीक उभ्या रेघा. बॅटरी नाही, पडदा नाही, बिघडण्यासारखं काही नाही. मक्याला नत्राचा वरखताचा (उभ्या पिकात द्यायच्या खताचा) हप्ता आज द्यायचा की आठवडाभर थांबायचं, एवढ्या एकाच प्रश्नासाठी हे साधन आहे. त्या प्रश्नाचं उत्तर ते चांगलं देतं. त्यापलीकडचे प्रश्न त्याला विचारले की ते चुकीची उत्तरं देतं, आणि उत्तर चुकीचं आहे हे लक्षात यायलाही वेळ लागतो. मागच्या पिकाची ताटं, पानं आणि धसकटं शेतातच ठेवलेल्या मक्यात तर हे हमखास घडतं. म्हणून या परीक्षणाचा मोठा भाग तक्त्यापेक्षा त्या अवशेषांवर खर्च झाला आहे.

मूळ तक्ता भाताचा. कल्पना जपानची, आणि आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने तो आशियात सर्वदूर पोचवला. मक्यावर तो चालतो, पण त्याच्या मागे छापलेल्या भाताच्या सूचना मक्याला लावायच्या नाहीत. भातात ३ किंवा ४ क्रमांकाच्या छटेखाली पान गेलं की नत्र देतात. मक्याचं निरोगी पान त्याहून गडद असतं, त्यामुळे उंबरठा साधारण ५ धरावा लागतो. चार छटांच्या तक्त्यात क्रमांक २ ते ५ असतात, म्हणजे ५ ही शेवटची छटा. मक्यापुरता अशा तक्त्याचा उपयोग ‘शेवटच्या छटेइतकं गडद आहे की नाही’ एवढाच उरतो. बाकीच्या तीन छटांना पान टेकलंच, तर उपासमार इतकी पुढे गेलेली असते की ती दिसायला तक्ता लागत नाही. मका हेच मुख्य पीक असेल तर सहा छटांचाच घ्यावा. पाचाच्या वर एक छटा असल्याने पान उंबरठ्याच्या वर आहे की नुसतं उंबरठ्यावर, हे कळतं.

वाचन करण्याची पद्धत सोपी आहे, पण ढिलाई केली तर आकडे निरर्थक होतात. झाडाला सहा पानं कॉलरसह दिसू लागल्यावर सुरुवात करायची. कॉलर म्हणजे पानाचं पातं खोडाला बिलगलेल्या आवरणापासून वेगळं होतं तिथली फिकट पट्टी. ती दिसते तेच पान पूर्ण उमललेलं. पोंग्यातलं गुंडाळलेलं पान निसर्गतःच फिकं असतं आणि खालची पानं म्हातारी. म्हणून पूर्ण उमललेल्यांपैकी सगळ्यात वरचं पान घ्यायचं. पान तोडायचं नाही. पात्याच्या मधल्या भागात, मधली शीर सोडून, तक्त्यावर सपाट ठेवायचं आणि आपल्या अंगाची सावली दोन्हींवर पडेल असं उभं राहायचं. थेट उन्हात प्लास्टिक चकाकतं आणि पान अर्ध्या छटेने फिकं वाटतं. पान दोन छटांच्या मध्ये पडलं तर मधला आकडा लिहायचा, म्हणजे ४.५.

बांधाकडच्या दोन-चार ओळी सोडून शेतात वेगवेगळ्या ठिकाणची दहा झाडं घ्यायची. दहापैकी सहा किंवा जास्त पानं उंबरठ्याखाली असतील तर हप्ता द्यायचा, नाहीतर सात ते दहा दिवसांनी पुन्हा यायचं. प्रत्येक वेळी वाचणारा माणूस तोच हवा आणि वेळही तीच हवी. सकाळी दव सुकल्यावरची वेळ बरी. डोळे बदलले की अर्धी छटा इकडची तिकडे होते, आणि मक्यात निर्णय नेमका अर्ध्या छटेवर अडलेला असतो. एका हप्त्याला हेक्टरी ३० किलो नत्र सहसा पुरतं, म्हणजे युरिया ६५ किलो, एकरी साधारण २६ किलो. तुरा बाहेर पडण्याच्या सुमारास वाचन थांबवायचं. कणसाला केस आल्यानंतर दिलेल्या नत्राला पीक फारसा प्रतिसाद देत नाही, मग पान कितीही फिकं दिसो.

सहा पानांच्या आधी तक्ता बाहेरच काढू नये. कोवळ्या रोपाचा रंग बियाण्यातल्या साठ्यावर, जमिनीच्या उबेवर आणि पाण्यावर ठरतो, नत्रावर कमी. गार पडलेल्या किंवा चिबडलेल्या जमिनीत तीन-चार पानांचं रोप नत्र भरपूर असूनही पिवळट दिसतं. त्यामुळे पेरणीवेळचा हप्ता हिशेबाने ठरवायचा आणि तिथपासूनच तक्त्याच्या मर्यादा सुरू होतात.

तक्त्याला न दिसणारा हिशेब

मका एक टन धान्यामागे सगळं झाड मिळून २० ते २५ किलो नत्र उचलतो. त्यातलं १२ ते १५ किलो दाण्यात जातं, बाकी ताटं-पानांत राहतं. हेक्टरी ७ टनांचं लक्ष्य असेल आणि टनामागे २२ किलो धरले, तर पिकाला १५४ किलो नत्र लागेल. हे सगळं पोत्यातून येत नाही. एक छोटा पट्टा नत्राशिवाय ठेवला आणि तिथे हेक्टरी ३ टनांच्या हिशेबाने दाणे भरले, तर जमिनीने ६६ किलो दिले असं समजायचं. उरले ८८. आता दिलेल्या खतापैकी पिकाच्या तोंडी किती पडतं हा प्रश्न. निम्मं पडलं तर १७६ किलो द्यावं लागेल, साठ टक्के पडलं तर १४७.

या दोन आकड्यांमधला फरक, सुमारे ३० किलो नत्र, हीच तक्त्याची खरी कमाई. तो पिकाची भूक कमी करत नाही. भूक लागेल तेव्हाच वाढायला लावून वाया जाणारा हिस्सा कमी करतो. मक्याची भूक हंगामभर सारखी नसते, म्हणूनच हे शक्य होतं. सहा पानांपर्यंत मका एकूण गरजेच्या दहा टक्क्यांहूनही कमी नत्र उचलतो. आठ-दहा पानांपासून चढण सुरू होते आणि तुऱ्यापर्यंत रोज हेक्टरी ३ ते ४ किलोचा वेग लागतो. केस येईपर्यंत दोन तृतीयांशाच्या आसपास नत्र झाडात पोचलेलं असतं. दाणे भरताना झाड उरलेलं जमिनीतून घेतं आणि पानांतलंही काढून दाण्याकडे पाठवतं. पेरणीलाच सगळा युरिया टाकला तर सुरुवातीचा महिनाभर तो जमिनीत ग्राहकाविना पडून राहतो. पाऊस जोराचा झाला की नायट्रेट होऊन खाली झिरपतो, आणि पाणी साचलं की जिवाणू त्याचा वायू करून उडवतात.

एकूण १४७ लागतील की ९०, हे तक्ता कधीच सांगणार नाही. शून्य-नत्राचा पट्टा न ठेवता नुसता तक्ता हातात धरणं म्हणजे अर्धंच काम. असा पट्टा पाच-सहा ओळींचा, दहा मीटर लांबीचा असला तरी पुरतो. मात्र तो शेताच्या मधल्या भागात हवा आणि पेरणीच्या मिश्रखतातलं नत्रही तिथे टाळलेलं हवं. लोक नेमकं हेच विसरतात. डीएपी या मिश्रखतातच १८ टक्के नत्र असतं. तिथे स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट वापरायचं.

धसकटं आणि ताटं शेतात असतील तर

संकरित मक्यात धान्य आणि वाळलेली ताटं-पानं यांचं वजन जवळपास सारखं भरतं. ७ टनांच्या पिकामागे सहा-सात टन कोरडे अवशेष शेतात राहतात. त्यांच्या टनामागे ६ ते ८ किलो नत्र, थोडं स्फुरद आणि १२ ते १८ किलो पालाश असतं. सहा टनांचा हिशेब केला तर नत्र चाळीसेक किलो आणि पालाश ७० ते १०० किलो. हे आकडे पाहून ‘तेवढं खत कमी टाकलं तरी चालेल’ असा निष्कर्ष बरेच जण काढतात. पालाशाबाबत तो बराचसा खरा आहे, नत्राबाबत पहिल्या हंगामात सपशेल उलटा.

कारण अवशेषांत कर्ब प्रचंड आणि नत्र तुटपुंजं असतं. एक टन कोरड्या ताटांत कर्ब साधारण ४२० किलो आणि नत्र ७ किलो, म्हणजे गुणोत्तर ६०:१. कुजवणारे जिवाणू आणि बुरशी त्या कर्बाचा अंदाजे एक तृतीयांश, म्हणजे १४० किलो, आपलं शरीर बांधायला ठेवतात. बाकीचा कर्बवायू होऊन उडतो. त्यांच्या शरीरात आठ भाग कर्बामागे एक भाग नत्र लागतं, म्हणजे १४० किलो कर्बाला साडेसतरा किलो नत्र. ताटांत आहे सातच किलो. उरलेलं दहा किलो ते जमिनीतून, म्हणजेच मक्याच्या मुळांजवळून आणि आपण टाकलेल्या युरियातून घेतात. गुणोत्तर २५:१ च्या वर असलेल्या कुठल्याही अवशेषाची हीच तऱ्हा. द्विदल पिकांचा पाला बहुतेक त्याच्या खाली असतो, म्हणून तो कुजताना पिकाला देतो, मक्याचं ताट कुजताना पिकाकडून घेतं.

सहा टन अवशेषांचं कागदावरचं देणं ६० किलो झालं. पण कुजणं एका दमात होत नाही. उबदार, ओलसर जमिनीत सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्यातला तिसरा हिस्सा ते निम्मा धरला तरी २० ते ३० किलो नत्र मका सहा-आठ पानांचा असताना अडकून बसतं. हे नुकसान नाही, जिवाणूंनी घेतलेलं उसनं आहे. कर्ब संपत आला की जिवाणू मरतात आणि त्यांच्या शरीरातलं नत्र मोकळं होतं. अडचण आहे ती परतफेडीच्या वेळेची. जमीन उबदार आणि ओली राहिली तर परतफेड तुऱ्याच्या आसपास सुरू होऊ शकते, कोरडी किंवा थंड राहिली तर ती पुढच्या पिकाच्या पदरात पडते.

म्हणून मक्यावर मका घेताना आणि अवशेष शेतातच ठेवताना एकूण मात्रेतला २० ते ३० किलोचा भाग पुढे ओढून पेरणीच्या वेळी द्यावा. अवशेष ठेवायला नुकतीच सुरुवात केली असेल तर पहिले दोन-तीन हंगाम तो वरकडच धरावा. नंतर मागच्या हंगामांचं उसनं परत येऊ लागतं आणि वरकड हळूहळू काढून घेता येतं. काढताना मात्र शून्य-नत्राच्या पट्ट्याकडे बघून काढावं, वर्षं मोजून नव्हे. त्या पट्ट्याचं उत्पादन तीनवरून साडेतीन टनांवर गेलं, तर जमीन ११ किलो नत्र जास्त देऊ लागली, इतका हा हिशेब सरळ आहे.

पालाशाची गोष्ट वेगळी. पालाश कुठल्याही सेंद्रिय रेणूत बांधलेला नसतो, पेशीरसात विरघळलेला असतो. ताट वाळलं आणि त्यावर दोन चांगले पाऊस पडले की कुजण्याची वाट न पाहता तो धुऊन जमिनीत उतरतो. त्यामुळे अवशेष जिथे पडले तिथेच पालाश पडतो. कापणी यंत्रामागे भुशाचा जाड पट्टा राहिला आणि बाजूला जमीन उघडी राहिली, तर पुढच्या हंगामात शेतात पालाशाचेही पट्टे तयार होतात. ताटं चाऱ्यासाठी उचलली तर हेक्टरी ७० ते १०० किलो पालाश दर हंगामात बाहेर जातो. रंग-तक्ता याबद्दल एक अक्षर बोलत नाही. पालाशाची कमतरता खालच्या पानांच्या कडा करपून दिसते आणि तक्ता टेकवतात वरच्या पानाला. अवशेष जाळले तर नत्र आणि गंधकाचा बहुतेक भाग हवेत जातो. राखेत पालाश आणि स्फुरद उरतात, पण वारा ती राख आपल्याच शेतात ठेवतो असं नाही.

अवशेषांच्या शेतात तक्ता कसा वाचायचा

इथे तक्ता दोनदा फसवतो. पहिल्यांदा सहा ते आठ पानांवर. जिवाणूंनी नत्र धरून ठेवलेलं असल्याने पान ४ किंवा ४.५ वर येतं. तक्ता म्हणतो, द्या. शेतकरी ३० किलोचा युरिया अवशेषांवर फोकून देतो. कुजणाऱ्या पाल्यावर युरियाचं विघटन करणारं युरिएज हे विकर उघड्या मातीपेक्षा कितीतरी जास्त असतं. त्यामुळे युरिया झपाट्याने फुटतो आणि खालच्या मातीला शिवण्याआधीच बराचसा अमोनिया होऊन उडतो. उरलेल्यावर जिवाणू ताव मारतात. आठवड्याने पान तसंच फिकं, मग दुसरा हप्ता. असे दोन हप्ते खर्ची पडतात आणि मका जिथल्या तिथे.

दोष तक्त्याचा नाही, खत ठेवण्याच्या जागेचा आहे. हप्ता ओळीच्या बाजूने, अवशेषांच्या थराखाली, मातीत किमान ५ सेंटिमीटर खोल पेरून द्यावा. तसं पेरणं शक्य नसेल तर पाऊस नक्की येणार असेल किंवा पाणी देता येत असेल तेव्हाच द्यावा, आणि एक-दोन दिवसांत १२ ते १५ मिलिमीटर पाणी मिळेल असं बघावं. त्याहून कमी पाणी घातक ठरतं, कारण युरिया विरघळतो पण खाली उतरत नाही. पेरणीवेळी दिलेलं नत्र बियाण्याच्या ५ सेंटिमीटर बाजूला आणि ५ सेंटिमीटर खाली असावं. युरिया बियाण्याला लागून पडला तर अमोनियाने उगवण मारली जाते.

फिकेपणा जिवाणूंमुळे आहे की जमिनीतच नत्र कमी आहे, हे ओळखायची एक चांगली खूण आहे. शेताकडे लांबून बघायचं. फिके पट्टे कापणी यंत्राच्या भुशाच्या पट्ट्यांशी जुळत असतील तर कारण अवशेषांत आहे, मग ते नत्राचं अडकणं असो किंवा जाड थराखालची गार, ओली माती. सगळं शेत एकसारखं फिकं असेल तर साठाच कमी आहे. फिकेपणा सखल भागातच असेल तर पाणी साचलंय, आणि तिथे खत देण्याआधी निचरा. मुळांना हवा मिळत नसताना टाकलेलं नत्र वायू होऊन जातं. निचऱ्यानंतर तीन-चार दिवस थांबून पुन्हा वाचन घ्यावं.

दुसऱ्यांदा तक्ता फसवतो तो बारा-चौदा पानांच्या आसपास, आणि या खेपेला उलट्या बाजूने. उसनं परत येऊ लागलेलं असतं, पान आपोआप ५ वर किंवा त्याच्या वर जातं. हप्ता थांबवण्यापुरतं इथे तक्त्याचं ऐकावं. ठरलेला हप्ता आहे म्हणून देऊन टाकायचा, ही सवय या टप्प्यावर सर्वात महाग पडते. मात्र पान गर्द दिसतंय म्हणजे नत्र किती जास्त आहे हे कळत नाही. हरितद्रव्य एका मर्यादेपर्यंतच वाढतं. त्यापुढे झाड नत्र उचलून नायट्रेटच्या रूपात खोडात साठवतं आणि पानाचा रंग तिथेच थांबतो. तक्ता उपाशी झाड ओळखतो, अतिखाल्लेलं नाही.

अजून एक घोटाळा गंधकाचा. कुजणारे अवशेष नत्रासारखंच गंधकही अडकवतात. गंधक कमी पडलं की फिकेपणा वरच्या, कोवळ्या पानांवर येतो, शिरांमधून लांबट पट्टे दिसतात. तक्ता वरचंच पान मोजत असल्याने तो याला नत्राची भूक समजतो. नत्र कमी असेल तर खालचं पान आधी जातं, टोकाकडून मधल्या शिरेच्या बाजूने इंग्रजी ‘व्ही’सारखं पिवळं पडत. म्हणून प्रत्येक वाचनाला खालच्या दोन पानांकडे नजर टाकायची. खाली हिरवं आणि वर पट्टेदार असेल तर युरियाऐवजी अमोनियम सल्फेटचा हप्ता द्यावा. त्यात २१ टक्के नत्र आणि २४ टक्के गंधक असतं. कोवळ्या पानाच्या बुंध्याकडे मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट रुंद पट्टा दिसला तर जस्त कमी आहे, तिथे नत्राचा काही संबंध नाही.

अवशेष लवकर कुजावेत म्हणून विकल्या जाणाऱ्या विघटक द्रावणांबद्दल विचारलं जातंच, म्हणून दोन ओळी. बाटलीतून जिवाणू येतात, नत्र येत नाही. आणि जिवाणू मातीत आधीच असतात. कुजणं सहसा अडतं ते पाण्याअभावी, मातीशी संपर्क नसल्यामुळे आणि नत्राच्या टंचाईमुळे. ताटं श्रेडरने ५ ते १० सेंटिमीटरचे तुकडे करून मातीला टेकवली, ओल राहिली आणि थोडं नत्र मिळालं, तर द्रावणाशिवायही ती कुजतात. उभी, कडक सालीची, हवेत लोंबकळणारी धसकटं द्रावण फवारूनही तशीच राहतात.

रंगाचा आकडा की शेजारचा पट्टा?

छटेच्या क्रमांकावर पूर्ण विसंबण्यात एक खोट आहे. काही वाणांचं पान मुळातच गडद असतं, काहींचं फिकट. दोन वेगळ्या बनावटींच्या तक्त्यांवरचा ५ नंबर एकसारखा असेलच असंही नाही. यावर उपाय म्हणजे भरपूर-नत्राचा पट्टा. तीन-चार ओळींना नियोजित मात्रेच्या सव्वा ते दीडपट नत्र सुरुवातीपासून, अवशेषांखाली पेरून द्यायचं. मग आकडा विसरून तुलना करायची. बाकीचं शेत या पट्ट्यापेक्षा अर्ध्या छटेने किंवा जास्त फिकं असेल तर हप्ता, नाहीतर थांबा. वाण कुठलाही असो, दिवस ढगाळ असो, तक्ता जरा विटलेला असो, तुलना टिकते, कारण चूक दोन्हीकडे सारखीच होते. आमच्या मते मक्यात तक्ता वापरायची खरी पद्धत हीच, आणि तक्त्याबरोबरच्या सूचनांत हिला पहिली जागा मिळायला हवी.

हरितद्रव्यमापक म्हणजे एसपीएडी मीटर हाच प्रश्न जास्त बारकाईने सोडवतो. पानातून आरपार जाणारा तांबडा आणि अवरक्त प्रकाश मोजून तो आकडा देतो, त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा फरक उरत नाही. भरपूर-नत्राच्या पट्ट्याच्या ९५ टक्क्यांखाली आकडा गेला की नत्र द्यायचं, हा त्याचा नियम. बियाणं कंपन्या, सल्लागार, मोठी क्षेत्रं यांना तो परवडतो. पण अतिरेक त्यालाही दिसत नाही आणि गंधक-नत्राचा घोळ त्यालाही उलगडत नाही. मोबाइलवर पानाचा फोटो काढून छटा सांगणाऱ्या ॲपवर भिस्त ठेवू नये. कॅमेरा प्रकाशानुसार रंग आपणहून सुधारतो. त्याच कारणाने तक्त्याचा फोटो किंवा घरी छापलेली प्रतही कुचकामी.

तक्ता घेताना छटांचा पृष्ठभाग चकचकीत नसून मंद आहे, रेघा उठावदार आहेत आणि मागे छटांचे क्रमांक छापले आहेत एवढं पाहावं. वापर नसेल तेव्हा तो पाकिटात ठेवावा. ट्रॅक्टरच्या काचेमागे उन्हात पडलेला तक्ता विटतो, मग पान त्याच्यापुढे उगाच गडद दिसतं आणि गरजेचा हप्ता चुकतो. वर्षातून एकदा नव्या तक्त्याशेजारी धरून बघावं. अर्ध्या छटेचा फरक दिसला तर जुना बाजूला काढावा.

तक्त्याने दिलेले निर्णय बरोबर होते का, हे हंगामाच्या शेवटी खोडातल्या नायट्रेटवरून तपासता येतं. दाण्याच्या टोकाशी काळा थर आल्यानंतर, म्हणजे दाणा पक्व झाल्यानंतर, एक ते तीन आठवड्यांत पंधरा झाडं निवडायची. जमिनीपासून १५ सेंटिमीटर सोडून त्याच्या वरचा २० सेंटिमीटरचा तुकडा कापायचा, पानांची आवरणं काढून कागदी पिशवीत घालायचा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरून बुरशी येते आणि आकडा खाली जातो. भुशाच्या पट्ट्यातली आणि उघड्या भागातली झाडं वेगवेगळ्या पिशव्यांत भरायची. नायट्रेट-नत्र दर दहा लाख भागांत २५० च्या खाली आलं तर पीक उपाशी राहिलं, ७०० ते २००० म्हणजे पुरेसं, २००० च्या वर म्हणजे किमान शेवटचा हप्ता फुकट गेला. भुशाच्या पट्ट्यात २५० आणि बाहेर १८०० असे आकडे आले, तर पुढच्या हंगामात नत्र वाढवण्याआधी कापणी यंत्राची भुसा पसरवणारी चकती नीट करून घ्यावी.